तीन बोटं उघडणारं तोंड

या, जरा सरकून बसा माझ्याजवळ. टाळ खाली ठेवा, पेटीवाल्याला चहा पिऊ द्या. बुवांची जीप आत्ताशी आरमोरीहून निघाल्याचा निरोप आलाय, म्हणजे अजून तासभर तरी आहे. तेवढ्यात एका पोरीची गोष्ट सांगतो. कीर्तनात उत्तररंगाला लागते तशी ही नाही. हिच्यात देव शेवटी धावून येत नाही. तरी ऐका. सांगायची ती माझ्यावर होती आणि आजवर मी टाळत आलो.

कुरखेड्यातली आमची बोडीटोली तुम्ही पाहिली असेल. एका अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं, दुसऱ्या अंगाला राईस मिल आणि मधोमध विठोबाचं देऊळ. देवळाच्या पायरीला लागून झाडूचा पानठेला. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून याला दृष्ट लागू नये यासाठी आईनं त्याचं नाव झाडू ठेवलेलं. माणूस हसरा. मोहल्ल्यात बसायला दोनच जागा, देऊळ आणि ठेला, आणि दोन्हीकडं माणसं तीच. पोरांना खेळायला जागा म्हणजे ठेल्यापुढचं चार हात अंगण. शाळा सुटली की सगळी तिथंच.

खर्रा आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेरगावची मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, घालून पाटावर घोटत बसायचं. ओलसर भुगा झाला की चिमूटभर गालात धरायचा. आमच्याकडं पाहुणा आला तरी खर्रा, मयत झाली तरी खर्रा. आणायला कोण जाणार? जे पोर समोर असेल ते. आणणाऱ्याला पुडीतली पहिली चिमूट द्यायची, अशी आमची रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लेकराचं मन राखायचं, एवढंच.

सुकरी ही बिरजूची मुलगी. बिरजू राईस मिलमध्ये हमाल. कोरचीच्या पलीकडल्या जंगलातल्या गावचा माणूस, बायको मंगलीला घेऊन इथं कामाला आला तो राहिला. त्यांचे देव वेगळे, गावाकडं मोहाच्या झाडाखाली बसलेले, त्यांची पूजाही वेगळी. पण बिरजूच्या झोपडीची मागची भिंत देवळाला लागून होती. भिंतीपलीकडं आम्ही रोज संध्याकाळी टाळ कुटायचो आणि भिंतीअलीकडं ही पोर भात गाळायची. कानानंच शिकली.

एकदा काय झालं, आमचे इस्तारीबुवा, मंडळाचे म्होरके, वरच्या सुरावर गेले आणि खोकला आला. चाल तुटली. आणि भिंतीपलीकडून तीच ओळ, त्याच सुरात, पुढं सरकली. आमचे टाळ हातातच राहिले. मृदंगवाला तेवढा भानावर होता, त्यानं ठेका सोडला नाही. इस्तारीबुवा उठले, बाहेर गेले आणि पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, हातात असलेल्या पोरीला तशीच देवळात घेऊन आले. नऊ वर्षांची असेल.

"अजून म्हन."

"मले पुरं नाई येत."

"जेवढं येते तेवढं म्हन ना वो माय."

तिनं म्हटलं. तोंड असं उघडायची की मागची पडजीभ दिसावी. मी टाळकरी माणूस, तीस वर्षं मोठमोठ्या बुवांच्या मागं उभा राहिलोय, पण त्या दिवशी टाळ वाजवायचं विसरलो. गाणं झाल्यावर इस्तारीबुवांनी कमरेची पुडी सोडली, चिमूटभर खर्रा तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "घे. गळा मोकळा होते." आम्ही सगळे हसलो. बक्षीस होतं ते.

तुम्ही म्हणाल, माळकरी माणसं आणि खर्रा? माळ घालताना मांस-मच्छी सुटते, दारू सुटते, आमच्यातल्या कित्येकांनी कांदा-लसूण सोडला. खर्रा त्या यादीत कुणी घातलाच नव्हता. एकादशीला तर तोच आधार. अन्नाचा कण नाही, पण खर्रा उपासाला चालतो, असं आम्ही धरून चाललेलो. सुकरी आमच्याबरोबर एकादशी धरायला लागली. दुपारी पोटात आग पडली की कुणीतरी म्हणायचं, "दाढेखाली धर, भूक मरते." भूक मरायची. पोर खूश, आम्ही खूश.

तीन वर्षं अशी गेली. मोहल्ल्याची लाडकी झाली ती. तिच्या गाण्यामुळं कोरची, पुराडा, थेट देसाईगंजच्या बाजारापर्यंत आमच्या मंडळाला बोलावणी. ठेल्यापुढून जाताना झाडू हाक मारायचा, "का वो गानेवाली, आज सुक्कीच चालली?" आणि पन्नीतली एक चिमूट फुकट द्यायचा.

मग तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मंगली चिडायची. "जवसाची चटनी बी लागते म्हन्ते हिले. देवळात जाऊन नखरे शिकली पोट्टी." सुकरी भात धुऊन खायला लागली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते इस्तारीबुवांच्या, तेही वेगळ्या तऱ्हेनं. आलापीला ती पहिल्यासारखं तोंड उघडेना.

"आ कर ना पोरी. मोठ्ठा आ."

"केला ना, बुवा."

"हा आ हाय? कोंबडी बी याच्याहून मोठा करते."

सगळे हसले. तीही हसली, ओठ मिटून.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या प्रत्येक पोराला सांगायच्या, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. निरोगी तोंडात तीन बोटं जातात. सुकरीची दोन गेली, तिसरं अडकलं. बाईंनी गालात बॅटरीचा उजेड टाकला, आतली कातडी पांढरी पडली होती. बाराव्या वर्षी. बाईंनी कागद लिहिला आणि बिरजूला द्यायला सांगितला. बिरजूला वाचता येत नव्हतं. त्यानं तो कागद माझ्याकडं आणला.

माझं काम डाक वाटायचं. पंचवीस वर्षं बोडीटोलीत जे पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं. नोकरीचं, मयतीचं, कोर्टाचं. मी वाचलं म्हणजे तसंच लिहिलेलं असणार, यावर कुणाचा कधी संशय नाही.

संध्याकाळी देवळात मी कागद उघडला. सगळं मंडळ, बिरजू, मंगली आणि खांबाला टेकून सुकरी. मी वाचलं: "सुपारी, तंबाखू, खर्रा पूर्ण बंद करणे. तोंड आखडत आहे. नागपूरच्या दातांच्या दवाखान्यात लवकर दाखवणे. दुर्लक्ष केल्यास तोंड उघडणे बंद होईल."

मग इस्तारीबुवा म्हणाले, "पहिला शब्द काय वाचला, भाऊ?"

"सुपारी."

"सुपारी कशी? तंबाखू म्हन, मी मानतो. तंबाखू वाईटच. पर सुपारी? सत्यनारायन सुपारीवर बसते. लगन सुपारीनं फुटते. गनपतीच्या जागी आपन सुपारी ठेवतो. देवाच्या ताटातली वस्तू पोरीचं तोंड बंद करन काय?"

"तसं लिहिलं हाय," मी म्हटलं.

"लिहिलं असन. नव्या शिकलेल्या बाया, सगळंच एका दावणीले बांधतात." ते सुकरीकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. "परत वाच, भाऊ. काय सोडाचं ते नीट सांग पोरीले."

आणि मी परत वाचलं. पायाशी वीणा, समोर विठोबा. मी वाचलं, "तंबाखू, खर्रा पूर्ण बंद करणे." तो एक शब्द मी गाळला. कुणी मला धाकात घेतलं नव्हतं. मला स्वतःलाच वाटलं की बुवांचं खरं असावं. देवापुढची सुपारी मी रोज पाहत होतो, डॉक्टरीणबाईंना एकदाच पाहिलं होतं.

पुढं जे झालं ते ऐकून तुम्हाला आमचं कौतुक वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. सुकरी म्हणाली, "मी सोडतो, पर तुमी सगळे खाऊन राह्यले तर मले राह्यवत नाई." बारा वर्षांची पोर, पण बोलली ते खरं होतं. मोहल्ल्यात श्वास घेतला तरी चुन्या-तंबाखूचा वास. मग इस्तारीबुवा उठले आणि म्हणाले, येत्या होळीत मंडळाचा एकेक माणूस आपली पुडी जाळणार. आणि जाळली. होळीभोवती उभं राहून बावीस माणसांनी पुड्या, पन्न्या, चुन्याच्या डब्या आगीत टाकल्या. चाळीस वर्षांची सवय असलेले म्हातारेसुद्धा पुढं आले. एका पोरीच्या गळ्यासाठी! मी तेव्हा रडलो. असा मोहल्ला शोधून सापडायचा नाही, असं म्हणालो.

तोंडाला चाळा तर पाहिजेच. देवळात विठोबासमोर एक पितळी ताट आलं, त्यात कातरलेली सुपारी आणि बडीशेप. भजनाला बसलं की ताट फिरायचं. झाडूचा धंदा बसला होता, त्यानंही मार्ग काढला. ठेल्यावर 'सादी' मिळायला लागली, नुसती सुपारी, चुन्याचं बोट आणि वर गोड मसाला. पोरांसाठी खास. "प्युवर सुपारी हाय गा, औषधासारखी," म्हणून विकायचा. आयाही निर्धास्त झाल्या.

सुकरीला तंबाखू सुटल्यावर पहिले आठ-दहा दिवस फार जड गेले. रात्री रडायची. मोहल्ल्याला दया आली. ज्या घरापुढून जाईल तिथून हाक, "घे माय, सादी घे, जिवाले बरं वाटते." फ्रॉकचा खिसा भरलेला असायचा. मीही दिली. डाकेच्या पिशवीत तिच्यासाठी वेगळी पुडी असायची माझ्या.

एकटी जरीनाभाभी बोलल्या. नूर मोहम्मद टेलर आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, त्यांची बायको. त्यांची शाजिया सुकरीच्या वर्गात, दोघी एकाच बाकावर. मनीऑर्डर द्यायला गेलो तर भाभींनी सही करायच्या आधीच विचारलं.

"भाऊ, तुम्ही सुकरीले सुपारी काऊन देता?"

"सादी आहे, भाभी. तंबाखू नाही त्यात."

"मी शिबिरात होती, शाजियाले घेऊन. डॉक्टरीणबाई पहले सुपारी बोलली, मग तंबाखू. मेरे सामने बोली."

"ते डॉक्टर लोकांचं असंच असते."

"कागदावर बी लिव्हलं होतं ना?"

मी म्हटलं, "भाभी, आमच्यात सुपारी देवाची आहे. तुम्हाले ते कळायचं नाही." फार गोड आवाजात म्हटलं, कीर्तनात शिकलेला गोडवा. नूर मोहम्मदनी मशीन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं, परत सुरू केलं. भाभींनी कागदावर सही केली आणि पेन परत देताना एवढंच म्हणाल्या, "लेकराचं तोंड हिंदू-मुसलमान नसते, भाऊ."

मी त्या गोष्टीवर देवळात हसून बोललो. तो दिवस आठवला की आजही जेवण जात नाही.

नागपूरला जायचं तेवढं राहत गेलं. आधी तेंदूपत्ता, मग धानाची रोवणी, मग कापणी, बिरजूला सुट्टी नाही. आणि घाई तरी कसली? तंबाखू तर सुटलीच होती. डिसेंबरात दत्तजयंतीचा सप्ताह होता, बाहेरगावचे मोठे बुवा येणार होते आणि सुरुवातीचं गाणं सुकरीनं म्हणायचं ठरलं होतं. "सप्ता होऊन जाऊ दे," इस्तारीबुवा म्हणाले, "मंग मीच घेऊन जातो तिले नागपूरले." पावसाळ्यातच तिचा आवाज नाकातून यायला लागला होता. भात कालवून, मऊ करून, दोन बोटांनी आत सरकवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता बरं हाय." सप्ताह हातचा जाईल याची तिला भीती वाटत होती. त्या गाण्याशिवाय तिच्याकडं होतं काय? शाळेत मागं, घरात चूल, आणि मोहल्ल्यात ती गानेवाली.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी मांडव भरला होता. सुकरी नवा हिरवा फ्रॉक घालून उभी राहिली, तो नूर मोहम्मदनी शिवून दिलेला. पेटीवाल्यानं सूर दिला. तिनं सुरुवात केली ती बरी केली, खालच्या पट्टीत. मग चाल वर चढायची जागा आली. ती तोंड उघडायला गेली आणि ते उघडलं नाही. जबडा कुणी बाहेरून धरून ठेवावा तसा. आवाज नाकात अडकला, एक बारीक घरघर आली. लोकांना वाटलं गळा बसला. तिनं परत प्रयत्न केला. दोन्ही हातांनी हनुवटी धरून खाली ओढली, सगळ्या मांडवासमोर. मोठे बुवा घाईनं पुढं आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपणच ओळ उचलली. फार सभ्य माणूस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही टाळ धरला. मागं पाहिलं तर सुकरी नव्हती.

ती घरी गेली नाही. जरीनाभाभींकडं गेली. रमजानचा महिना होता, त्यांच्या घरी नुकताच रोजा सुटला होता. मी शोधत गेलो तेव्हा दारातून दिसलं. शाजियानं एक खजूर दगडाखाली चेपून पापडासारखा चपटा केला होता आणि तो सुकरीच्या दातांच्या फटीतून हळूहळू आत सरकवत होती. भाभींनी मला पाहिलं. आत या म्हणाल्या नाहीत.

मी सुकरीला म्हटलं, "माय, बोट घालून दाखव."

तिनं एक बोट घातलं. तेही आडवं.

नागपूरला मीच गेलो, बिरजू आणि तिच्याबरोबर. इस्तारीबुवांना सप्ताह सोडता येत नव्हता. दवाखान्यात म्हातारे डॉक्टर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी सुकरीला बसवलं, पट्टीनं माप घेतलं, गाल आतून चाचपले. मग बिरजूला विचारलं, "काय खाते ही?"

"काई नाई साहेब. तंबाखू तं होळीले सोडली. तवापासून एक कन नाई."

"आणि सुपारी?"

बिरजूनं अभिमानानं सांगितलं, "सादी खाते. साऱ्या मोहल्ल्यानं दिली, साहेब. लय जीव हाय सगळ्यायचा हिच्यावर."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, "सुपारीच तर आहे सगळं. तंबाखूनं दुसरे रोग होतात. तोंड आखडतं ते सुपारीनं. आधी कुठं दाखवलं होतं?"

बिरजूनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तो शिबिराचा कागद काढला. घड्या उलगडल्या. डॉक्टरांनी वाचला आणि टेबलावर उलटा फिरवून आमच्याकडं सरकवला.

"इथं पहिलाच शब्द सुपारी आहे. घरात कुणी वाचणारं नाही का?"

बिरजूनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. अजून त्याला वाटत होतं की मी काहीतरी सांगेन, डॉक्टर चुकले म्हणून सांगेन.

"भाऊ, तुमी वाचलं होतं ना?"

"हो."

"मंग हे त्याच्यात होतं?"

"होतं."

त्यानं कागदाच्या घड्या परत तशाच घातल्या, पिशवीत ठेवला. सुकरी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, ते पाय थांबले. ती माझ्याकडं पाहतच नव्हती, खिडकीबाहेर पाहत होती.

महिन्याभरानं ऑपरेशन झालं. गालाच्या आतल्या आखडलेल्या पट्ट्या कापल्या. मग लाकडी चपट्या काड्या दिल्या, आइस्क्रीमच्या असतात तशा. त्यांची चवड दातांमध्ये घालून रोज तोंड ताणायचं, थोडं बरं वाटलं की अजून एक काडी वाढवायची. दुखून पोर बेशुद्ध पडायची. नाही ताणलं तर तोंड परत मिटणार, आणि सुपारीचा तुकडा जिभेला लागता कामा नये, कधीच.

मी मोहल्ल्यात येऊन देवळात उभा राहिलो आणि सांगितलं. मी शब्द गाळला हेही सांगितलं. कुणी मला दोष दिला नाही, हे तुम्ही लक्षात घ्या. इस्तारीबुवांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "देवाच्या मनात असन तसं झालं. तुमी कायले जिवाले लावून घेता, भाऊ." ताट विठोबासमोर होतं. भजन सुरू झालं आणि ते फिरलं. काही हातांनी घेतलं, काहींनी घेतलं नाही, पण ताट फिरलं.

ठेल्यावर झाडू म्हणाला, "मी तं विकतो, भाऊ. तोंडात घालून देत नाई." खरंच होतं ते. बायका म्हणाल्या, आम्ही तर मायेनं दिली. तेही खरंच. एकेकाला विचारा, दोन-चार तुकड्यांपलीकडं कुणी दिलेलं नसेल.

उन्हाळ्यात बिरजूनं सामान बांधलं. राईस मिलचं काम सोडून गावाकडं, जंगलात. मी गेलो तेव्हा मंगली चुलीची माती खरवडत होती आणि सुकरी काड्यांची चवड दातांत धरून दारात बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते रडण्याचं की ताणण्याच्या दुखण्याचं कळत नव्हतं.

"बिरजू, दवाखाना दूर पडेल तिकडून," मी म्हटलं.

"पडन."

"तिकडं काय खर्रा नाही? तिकडं तर म्हाताऱ्या बी खातात."

"हाय ना. पर तिथी हिले कोनी ओळखत नाई. कोनी हाक मारून देनार नाई." त्यानं गाठोड्याची गाठ आवळली. "तुमची माया लय झाली, भाऊ. आता पुरे."

मोहल्ल्याला ते फार लागलं. इतकं केलं पोरीसाठी, होळीत पुड्या जाळल्या, आणि जाताना पायरीला हातही लावला नाही, म्हणून. दोन महिन्यांत मंडळाला नवीन आवाज सापडला, मिलच्या मुकादमाची रंजीता, दहा वर्षांची. पहिल्या दिवशी गाऊन उतरली तेव्हा ताट तिच्यापुढं आलं. मी उठून ते उचललं आणि बोडीत फेकून दिलं. चार दिवसांनी दुसरं आलं, स्टीलचं. तेव्हापासून मी त्या देवळात बसत नाही. म्हणून तर तुमच्या गावच्या सप्ताहाला येतो.

दोन वर्षांनी कोरचीकडल्या एका गावात टपालाचं काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून गेलो. सुकरी रोवणीत होती, गुडघाभर चिखलात, बायकांच्या ओळीत. उंच झाली होती, फार वाळलेली. बायका रोवणीची गाणी म्हणत होत्या. ती म्हणत नव्हती. बांधावर आली, पदरानं हात पुसले.

"कसं आहे, माय?"

"दोन बोटं जातात, काका. कधी दीड." बोलणं नाकातून, शब्द चेपलेले. कान देऊन ऐकावं लागायचं.

"गातेस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग विचारलं, "शाजिया कोनत्या वर्गात हाय?"

"दहावीला बसेल."

"जरीनाचाचीले सांगा मी आठवन करतो." मंडळाचं नाव काढलं नाही. बुवांचं नाही, देवळाचं नाही. मी हात जोडले. पोस्टमन माणूस, पोटच्या पोरीएवढ्या पोरीपुढं, चिखलाच्या बांधावर. बायकांनी हाक मारली, आणि ती "जातो, काका" म्हणून पाण्यात उतरली.

जीपचा आवाज आला वाटतं. उठा, बुवांना सामोरे जा. पण जाता जाता माझं एवढं मागणं पदरात घ्या. तुमच्या मोहल्ल्यातलं एखादं लेकरू आज मांडवात सुरेख म्हणेल, तुमचा ऊर भरून येईल, आणि काहीतरी द्यावं म्हणून हात खिशाकडं जाईल. तेव्हा बिरजूची सुकरी आठवा. नाव विसरू नका, सुकरी.